सशाच्या क्लबाविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोज या व्यावसायिक रग्बी लीग क्लबावर छोटं टिपण होतं : १९०८ची स्थापना, २१ विजेतेपदं, १९९९मधली हकालपट्टी, २००२मधलं पुनरागमन. त्यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : बॉम्बे जिमखान्यावर रग्बीचे सामने पाहिले आहेत. तिथे एका बाजूला १५ खेळाडू असतात. तुम्ही १३ लिहिलेत. छपाईची चूक का? (दादर, मुंबई)

चूक नाही, खेळच निराळा आहे. जिमखान्यावर खेळतात ते रग्बी युनियन. लीग त्यातून फुटून निघालं ते २९ ऑगस्ट १८९५ रोजी, इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात. भांडण होतं मजुरीचं. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरण्या-खाणींत कामाला. शनिवारी खेळायला गेलं की खाडा लागायचा. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. खेळ हौशीच राहिला पाहिजे म्हणणाऱ्यांनी ती धुडकावली आणि उत्तरेकडचे क्लब बाहेर पडले. पुढे १९०६मध्ये त्यांनी खेळाडू १५चे १३ केले. पकडलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा, हा ‘प्ले-द-बॉल’चा नियमही तेव्हाचाच.

सिडनीत ठिणगी पडली १९०७मध्ये. ॲलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा दुखावला, काम बुडालं आणि युनियनवाल्यांनी भरपाई दिली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्सची लीग संघटना उभी राहिली. क्रिकेटवेड्यांसाठी एक तपशील : तिचा पहिला खजिनदार होता व्हिक्टर ट्रंपर. होय, तोच, फलंदाज ट्रंपर.

प्रश्न : क्लबाचं चिन्ह ससा का? वाघ-सिंह सोडून ससा कोण घेतं? (रत्नागिरी)

मुळात ते चिन्ह नव्हतंच, आरोळी होती. तुमच्याकडे कोळीण दारावरून ओरडत जाते, तसा जुन्या सिडनीत सशाचं मटण विकणारा फेरीवाला ‘रॅबिट-ओऽऽ’ अशी हाळी देत फिरायचा. ससा म्हणजे गरिबाचं मटण. नाव क्लबाला कसं चिकटलं याच्या दोन कथा आहेत. एक अशी, की साउथचे काही खेळाडू शनिवारी सकाळी ससे विकून चार पैसे मिळवत, सशाचं रक्त जर्सीला लागायचं आणि सधन वस्त्यांतले संघ त्यावरून हिणवायचे. दुसरी अशी, की सामने व्हायचे त्या मैदानाच्या आसपास हे फेरीवाले असायचे. पुराव्याने दोन्हींतली एकही पक्की होत नाही. पण पहिली खरी धरली तर नाव खिजवण्यातून आलं आहे, आणि क्लबाने ते मिरवलं.

लाल-हिरव्या रंगांचं नेमकं वर्णन गडद लाल आणि ‘मर्टल’ झुडपाचा हिरवा. दुकानात पोपटी हिरवी जर्सी दिसली तर नकली समजा.

प्रश्न : वेगवेगळ्या ठिकाणी साउथची विजेतेपदं २०, २१ आणि त्याहूनही जास्त दिसतात. खरा आकडा कोणता? एक विजेतेपद न खेळता मिळालं हे खरं का? (नागपूर)

आकडा २१. वर्षं अशी : १९०८, १९०९, १९१४, १९१८, मग १९२५ ते १९२९ सलग पाच, १९३१, १९३२, १९५०, १९५१, १९५३, १९५४, १९५५, १९६७, १९६८, १९७०, १९७१ आणि २०१४. वीस लिहिलेलं दिसलं तर मजकूर २०१४च्या आधीचा आहे. एकविसापेक्षा जास्त दिसलं तर बहुधा ‘मायनर प्रीमियरशिप’ मिसळली आहे. साखळी फेरीअखेर तक्त्यात अव्वल येणाऱ्याला मायनर म्हणतात. खरं विजेतेपद बाद फेऱ्यांनंतरच्या अंतिम सामन्याचं. जुन्या काळी काही वर्षं अंतिम सामना न होता तक्त्यातला अव्वल संघच विजेता ठरे. १९२५मध्ये साउथने बाराच्या बारा सामने जिंकले आणि चुरसच उरली नाही म्हणून हंगाम लवकर गुंडाळला. त्यामुळे नुसती ‘अंतिम सामने जिंकले’ ही यादी मोजून आकडा जुळणार नाही.

न खेळता मिळालेलं विजेतेपद १९०९चं. अंतिम सामना बालमेनशी होता. पण लीगने तो स्वतंत्र न ठेवता ऑस्ट्रेलियाच्या लीग आणि युनियन संघांमधल्या सामन्याआधीची पूर्वरंगाची लढत म्हणून लावला. बालमेनने बहिष्कार टाकला. साउथचा संघ मात्र ठरल्या वेळी मैदानात उतरला, चेंडूला किक मारून सुरुवात केली, समोर कोणी नाही, तोच चेंडू उचलून ट्राय केला (म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला) आणि सामना खिशात घातला. बालमेनकरांचं म्हणणं असं, की दोघांनीही यायचं नाही असं ठरलं होतं आणि साउथने शब्द फिरवला. वाद अजून मिटलेला नाही. नोंदवहीत मात्र साउथचं नाव आहे.

प्रश्न : जबडा मोडलेला असताना कर्णधार अख्खा सामना खेळला, असं तुम्ही लिहिलंत. पटत नाही. (कोल्हापूर)

कुस्तीच्या गावाहून ही शंका यावी! कर्णधार जॉन सॅटलर, सामना १९७०चा अंतिम, समोर मॅनली. पहिल्या दहाएक मिनिटांतच प्रतिस्पर्ध्याचा ठोसा बसून जबडा तीन ठिकाणी मोडला. उरलेली सुमारे ७० मिनिटं सॅटलर खेळला. प्रतिस्पर्ध्यांना कळलं तर ते नेमके तिथेच तुटून पडतील, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला उभं धरून ठेवलं आणि दुखापत लपवली.

पण त्या सामन्याचा निकाल सॅटलरच्या जबड्यापेक्षा एरिक सिम्सच्या पायाने लावला, आणि हे कमी सांगितलं जातं. साउथ २३-१२ने जिंकले. त्यातले तीन ट्रायचे ९ गुण, कारण तेव्हा ट्राय ३ गुणांचा होता. किकने खांबांमधून मारलेल्या तीन गोलांचे ६. आणि उरलेले ८ सिम्सच्या चार ड्रॉप गोलांचे, प्रत्येकी २ गुण. तेव्हाच्या नियमाने चेंडू हाती असताना एका संघाला चारच टॅकल, म्हणजे पकडी, मिळत. चार टॅकलमध्ये ट्रायलाइन गाठणं अवघड, मग चालत्या खेळात चेंडू जमिनीवर टेकवून किकने खांबांमधून मारणं स्वस्तात पडायचं. सिम्सने त्याचा इतका सपाटा लावला की १९७१पासून ड्रॉप गोल १ गुणाचा केला गेला आणि टॅकल चारच्या सहा झाल्या. आजचा सहा टॅकलचा खेळ घडवण्यात साउथच्या एका किकरचा असा आडवाटेने हात आहे.

जखमी खेळाडूंची ही परंपरा आधीपासूनची. १९५५मध्ये साउथ हंगामाच्या मध्यावर जवळजवळ बाद झाले होते; पुढचा प्रत्येक सामना जिंकणं भाग होतं. सलग अकरा जिंकले. त्यातल्या एकात क्लाइव्ह चर्चिलने मोडलेल्या हाताने खेळून शेवटच्या क्षणांत किक मारून विजय मिळवून दिला, आणि न्यूटाउनविरुद्धचा अंतिम सामना १२-११ असा एका गुणाने सुटला. १९६७, १९६८, १९७० आणि १९७१च्या विजयी संघांचा प्रशिक्षकही चर्चिलच. २०१४च्या अंतिम सामन्यात सॅम बर्जेसच्या गालाचं हाड पहिल्याच धडकेत मोडलं. बर्जेस शेवटपर्यंत खेळला आणि सामनावीराचं पदक मिळवलं. पदकाचं नाव : क्लाइव्ह चर्चिल पदक.

प्रश्न : १९७१नंतर थेट २०१४. मधली ४३ वर्षं हा संघ करत काय होता? (सोलापूर)

पैशाअभावी झिजत होता. हे समजायला ‘लीग्ज क्लब’ म्हणजे काय ते कळलं पाहिजे. सिडनीत रग्बी लीग संघाच्या जोडीला एक नोंदणीकृत क्लबघर असतं : जेवणघर, बार आणि १९५६मध्ये राज्याने परवानगी दिल्यापासून पोकर मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचा जुगार. त्याचा नफा संघाच्या पगाराला जातो. ज्या उपनगरात सुखवस्तू माणसं जास्त, तिथलं क्लबघर श्रीमंत आणि तिथला संघही. साउथचा इलाका म्हणजे रेडफर्न, अलेक्झांड्रिया, वॉटरलू : रेल्वेचे कारखाने, गोदामं, कामगारांच्या दाटीवाटीच्या चाळी. युद्धानंतर कामगार कुटुंबं दूरच्या नव्या उपनगरांकडे सरकली, कारखाने आटले, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच साउथचं क्लबघर कर्जात बुडालं.

मग खेळाडू गेले. कोण कुठे गेलं ते पाहा आणि पुढचे विजेते पाहा. जॉन ओ’नील आणि रे ब्रॅनिगन १९७२मध्ये मॅनलीकडे; मॅनलीने १९७२ आणि १९७३ जिंकलं, आयुष्यातली पहिली दोन. रॉन कूट ईस्टर्न सबर्ब्जकडे, मागोमाग एल्विन वॉल्टर्स. ईस्ट्सने १९७४ आणि १९७५ जिंकलं. म्हणजे पुढची चार वर्षं साउथचेच गडी करंडक उचलत होते, फक्त जर्सी दुसऱ्यांच्या.

पगारावरची मर्यादा, सॅलरी कॅप, आली १९९०मध्ये. तिचा हेतू नेमका ही पळवापळवी रोखण्याचा. पण तोवर उशीर झाला होता, शिवाय मर्यादा फक्त वरची असते. तेवढेही पैसे ज्याच्याकडे नाहीत त्याला ती काय वाचवणार? १९८९मध्ये साउथ साखळीत अव्वल आले, बाद फेरीत हरले आणि १९९०मध्ये तळाला गेले.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी. क्लब न्यायालयात हरला की जिंकला? दोन्ही वाचलं. (पुणे)

दोन्ही खरं आहे. आधी गणित. १९९५पासून रुपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेडने ‘सुपर लीग’ काढून मूळ संघटनेशी युद्ध पुकारलं. १९९७मध्ये दोन समांतर स्पर्धा झाल्या, १२ आणि १० संघांच्या : एकूण २२. डिसेंबर १९९७मध्ये तह झाला आणि एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग ही एकत्रित स्पर्धा, जन्माला आली. तहात अट होती की २०००पासून संघ १४च. १९९८मध्ये तीन संघ बंद पडून मेलबर्नचा एक नवा आला : २०. १९९९मध्ये ॲडलेड आणि गोल्ड कोस्ट बंद, सेंट जॉर्ज आणि इलावारा एकत्र : १७. त्यानंतर बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एकत्र : १६. नॉर्थ सिडनी आणि मॅनली एकत्र : १५. एक उरला. तो साउथ.

निवड निकषांवर होणार होती : प्रेक्षकसंख्या, गुण, तिकीटविक्री, प्रायोजक, नफा. जो क्लब दुसऱ्यात विलीन होईल त्याला जागेची हमी. साउथच्या सभासदांना विलीनीकरण मान्य नव्हतं. २१पैकी तेव्हाची २० विजेतेपदं कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. १० ऑक्टोबर १९९९ला सुमारे ४० हजार माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली. १५ ऑक्टोबरला क्लबाला वगळल्याचं जाहीर झालं.

खटला उभा राहिला स्पर्धा-कायद्यावर, १९७४च्या ट्रेड प्रॅक्टिसेस ॲक्टच्या कलम ४५ आणि ४डीवर. आपसांत स्पर्धा करणाऱ्या दोघांनी विशिष्ट व्यक्ती वा विशिष्ट वर्गाशी व्यवहार रोखण्याच्या हेतूने करार केला तर तो तेव्हा बेकायदा होता. न्यूज आणि जुनी संघटना हे स्पर्धा भरवण्याच्या धंद्यातले प्रतिस्पर्धी, आणि ‘१४च संघ’ ही अट म्हणजे पंधराव्याला बाहेर ठेवण्याचा करार, असा साउथचा युक्तिवाद.

नोव्हेंबर २०००मध्ये फेडरल कोर्टात न्या. फिन यांनी तो फेटाळला. लगेच सुमारे ८० हजारांचा मोर्चा निघाला. क्लबाचा अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स, एके काळचा खेळाडू, अपिलात गेला. जुलै २००१मध्ये पूर्ण पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी साउथच्या बाजूने निकाल दिला. न्यूज लिमिटेडने एकीकडे हायकोर्टात अपील केलं आणि दुसरीकडे २००२पासून क्लबाला परतही घेतलं. ऑस्ट्रेलियात ‘हायकोर्ट’ हेच सर्वोच्च न्यायालय, हे विसरल्यामुळे आपल्याकडच्या वाचकांचा हमखास गोंधळ होतो. ऑगस्ट २००३मध्ये त्या न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी न्यूजच्या बाजूने निकाल दिला : अटीचा हेतू स्पर्धा १४ संघांची ठेवण्याचा होता, अमक्या क्लबांना हुसकण्याचा नव्हता. वेगळं मत न्या. कर्बी यांचं.

तर कायद्याच्या पुस्तकात हा खटला न्यूज लिमिटेडने जिंकला. पण निकालाच्या दिवशी साउथ स्पर्धेत दुसरा हंगाम खेळत होते आणि त्यांना पुन्हा काढायची हिंमत कोणात नव्हती. अभ्यासासाठी वाचताना कलम ४डीमधल्या ‘हेतू’ आणि ‘परिणाम’ यांतला फरक धरून वाचा. तिन्ही पायऱ्यांवर मतभेद तिथेच आहे.

एक दुरुस्तीही. टिपणात आम्ही ‘१९०८पासून अखंड’ असं लिहिलं होतं, ते चुकलं. २००० आणि २००१ या दोन हंगामांत साउथ पहिल्या श्रेणीत नव्हते. १९०८पासून एकही हंगाम न चुकवलेला क्लब एकच : ईस्टर्न सबर्ब्ज, आताचे रूस्टर्स. अनेकांनी चूक दाखवली, आभार.

प्रश्न : रसेल क्रो या नटाने क्लब विकत घेतला म्हणतात. सभासदांचा क्लब विकता कसा येतो? (ठाणे)

सभासदांनीच विकला तर येतो. मार्च २००६मध्ये क्रो आणि उद्योजक पीटर होम्स आ कोर्ट यांनी ७५ टक्के हिस्सा ३० लाख डॉलरला मागितला. ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मतं हवी होती. पडली ७५.८. पिगिन्स विरोधात होता; ज्याने क्लब न्यायालयातून ओढून आणला त्याला तो विकणं मान्य नसावं हे साहजिकच, पण हिशेब बघता सभासदांचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. परतल्यानंतर संघ २००३, २००४ आणि २००६मध्ये तळाला होता, आणि पगार मर्यादेएवढा भरायला पैसे लागतात. २००७मध्ये १९८९नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. उरलेले २५ टक्के सभासदांच्या संस्थेकडे राहिले. क्रोचा संबंध मात्र खरेदीच्या आधीचा : १९०८च्या पहिल्या सामन्यात वाजवलेली पितळी घंटा १९९९मध्ये लिलावात ४२ हजार डॉलरला घेऊन त्याने क्लबाला दिली होती.

प्रश्न : मुलगी सिडनीत केन्सिंग्टनला शिकायला चालली आहे. तिला सामना पाहायचा आहे. काय लक्षात ठेवावं? (पणजी)

केन्सिंग्टन साउथच्याच इलाक्यात येतं, तेव्हा पाठिंबा कोणाला हा प्रश्न मिटला. पण घरचं मैदान मात्र लांब आहे. रेडफर्न ओव्हलवर १९८७पर्यंत सामने होत. २००६पासून बहुतेक घरचे सामने ऑलिम्पिक पार्कमधल्या स्टेडियम ऑस्ट्रेलियावर होतात. ट्रामने सेंट्रल स्टेशन, तिथून रेल्वे. तिकीट घेण्याआधी वेळापत्रकात मैदानाचं नाव बघावं. हंगाम मार्च ते ऑक्टोबरची सुरुवात. जून-जुलैतल्या रात्रीच्या सामन्याला जाड जॅकेट हवंच, तिथे तेव्हा हिवाळा असतो.

बसायला मैदानाच्या लांब बाजूची, जरा वरची जागा घ्यावी. खालून नुसती धक्काबुक्की दिसते. वरून बचावाची रांग पुढे येते-मागे जाते ते कळतं. मग टॅकल मोजायच्या. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. इथे पकड झाली की चेंडू त्याच संघाकडे राहतो, असं पाच वेळा. बचाव करणाऱ्यांनी दर वेळी १० मीटर मागे जायचं. पाचवी टॅकल झाली की पंच हात वर करतो, आणि त्यानंतर बहुतेक वेळा किक येते, कारण सहाव्यांदा पकडले गेलं तर चेंडू आहे त्या जागी सोडावा लागतो. नवख्यांना किक म्हणजे चेंडू फुकट घालवणं वाटतं. खरं तर प्रतिस्पर्ध्याला जमेल तितकं मागे ढकलून चेंडू देणं, हा तिचा अर्थ. गुण : ट्राय ४, त्यानंतरची किक २, पेनल्टी २, ड्रॉप गोल १, आणि ४० मीटरपलीकडून मारला तर २.

एकच सामना पाहायचा तर रूस्टर्सशी असलेला पाहावा. दोन्ही संघांकडून खेळलेल्या रॉन कूटच्या नावाचा करंडक त्यात असतो.

प्रश्न : २००२मध्ये परतल्यावर पहिल्या सामन्यात काय झालं? (जळगाव)

त्याच रूस्टर्सकडून ४०-६ने हरले. पूर्ण हंगामात पाचच सामने जिंकले. तरी त्या वर्षी तळाला गेले नाहीत, कारण पगारमर्यादा मोडल्याबद्दल कँटरबरी बुलडॉग्जचे ३७ गुण कापले गेले आणि ते साउथच्या खाली घसरले. २०१४च्या अंतिम सामन्यात ८३,८३३ प्रेक्षकांसमोर साउथने ज्यांना ३०-६ने हरवलं, ते हेच बुलडॉग्ज.